वाढीची वीत

लहान मुलांसाठी मासे धरायची गरी कशी निवडायची, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. माझ्या भावांना विचारतात. दोघा भावांना मिळून जेवढं कळतं त्याहून मला जास्त कळतं, हे त्या दोघांनाही ठाऊक आहे. तरी घरी आलेला पाहुणा आपलं पोरगं पुढे करून त्यांच्याकडेच वळतो आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी राहते. तेव्हा आता न विचारताच सांगते.

आमच्या पुलगावकडे गळाला गरी म्हणतात. काठी, दोरा, तरंगा, शिशाचा मणी आणि टोकाचा आकडा, या सगळ्याला मिळूनही गरीच. माझे बाबा मिलमध्ये कामगार होते आणि सुट्टीच्या दिवशी वर्धा नदीवर गरी टाकून बसायचे. गरी ही बाजारातून आणून पोराच्या हातात द्यायची वस्तू नाही, ती पोराच्या अंगावरून मापून करायची, असं त्यांचं ठाम मत होतं. मूल सातव्या वर्षात आलं की ते त्याला नदीच्या वाटेवरच्या बांबूच्या बेटापाशी न्यायचे. बेट एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, होतं आणि दोन-चार काठ्या तोडायला त्याची ना नसायची. मुलाला अनवाणी उभं करायचं. टाचा जमिनीला टेकलेल्या, उजवा हात सरळ वर. जमिनीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत काठी मापायची आणि त्यावर बाबा आपली एक वीत ठेवायचे. ती वाढीची वीत.

"पोट्टं लवकर वाढते," ते म्हणायचे. "आज बरोब्बर मापाची केली त पुढच्या साली आखूड पडते."

आकडा करंगळीच्या नखाएवढा. ज्या पोराचं नख जेवढं, तेवढ्याच तोंडाची मासोळी त्याला झेपते. दोरा तीन पदरी वळून बाभळीच्या सालीच्या काढ्यात भिजवलेला आणि लांबीला काठीएवढाच, म्हणजे काठी उभी धरली की आकडा आपसूक हाताशी येतो, कुणाच्या डोळ्याकडे जात नाही. तरंगा ज्वारीच्या धांड्याच्या आतल्या भेंडाचा, अंगठ्याच्या पेराएवढा. बांबू तोडायचा तो अवसेच्या आधीच्या अंधाऱ्या पंधरवड्यात. चांदण्या पंधरवड्यात तोडला तर त्याला भुंगा लागतो. पोरांच्या गरीविषयी याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. दुकानदार सांगतात ते सगळं विकण्यासाठी असतं.

एक गोष्ट मात्र राहिली. मूल म्हणजे मुलगा.

मला एक मोठा भाऊ, एक धाकटा. दोघांच्या आणि माझ्यात तीन-तीन वर्षांचं अंतर. मला सातवं लागलं तेव्हा सबंध हिवाळा वाट पाहिली. बाबा सुट्टीच्या दिवशी विळा घेऊन निघाले की मी चपला काढून दारात उभी राहायची, अनवाणी मापायचं असतं म्हणून. ते म्हणायचे, "काटे मोडतीन, चपला घाल," आणि निघून जायचे. त्यांना खरंच कळत नव्हतं. रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण त्यांच्या डोक्यातच ते नव्हतं.

माझ्याकडे डबा होता. डालड्याचा रिकामा डबा, त्यात ओली माती आणि गांडुळं. नळाच्या नालीजवळची जागा खणून गांडुळं काढायची, ती जिवंत ठेवायची, नदीवर डबा धरून बसायचं आणि भावानं हात पुढे केला की एक काढून द्यायचं, हे माझं काम. आणलेले मासे राखेत घोळून साफ करायचे, तेही माझंच. दहा वर्षांची होईपर्यंत मला गांडुळांचं जितकं कळत होतं तितकं पुलगावात कुणाला कळत नसेल. मग त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी धाकट्याला बेटापाशी नेलं. त्याला सातवं लागलं होतं. तो हात वर करून उभा राहिला आणि मला म्हणाला, "डबा नीट धर व." मी डबा नीट धरला. पण मनात जे काही तुटलं ते तिथेच तुटलं.

घरी आल्यावर मी बाबांना सरळ विचारलं, "माही गरी कवा?"

बाबा हसले. "पोरीच्या हातात गरी देत नसतात."

"काऊन?"

"नसतात देत, म्हून."

आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, "तुले कायले पायजे गरी? मासोया साफ कराले येते, रांधाले शिकली. आनखी का पायजे?"

इथे बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ते कुणी खडूस जुनाट माणूस वाटतील. तसं मुळीच नव्हतं. मी जन्मायच्या आधी ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. आल्याबरोबर त्यांनी घरातले सगळे देव एका धडप्यात बांधले आणि रेल्वेपुलाच्या खालच्या अंगाला नदीत सोडून दिले. आजोबा काठावर बसून रडत होते म्हणे, पण बाबांनी मागे वळून पाहिलं नाही. ही गोष्ट ते आम्हाला शंभरदा सांगायचे. "बापजाद्यापासून चालत आलं म्हून आपन करायचं, हे आपल्या घरात चालनार नाई," हे तिचं शेवटचं वाक्य. मिलमध्ये ते युनियनचे. संप झाला की गेटवर पहिले बसणारे. आमच्या घरात पंचांग नव्हतं, उपास नव्हते, विटाळ नव्हता. मला शाळेत घालताना त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही, उलट पहिला नंबर आला की मिलच्या घरांच्या सगळ्या लाइनीत पेढे वाटले. एवढा सगळा जुना कचरा ज्यानं नदीत टाकला, त्याच्या हातून हा एक तुकडा कसा सुटला, याचं मला दहाव्या वर्षी नवल वाटलं होतं. अजून वाटतं.

मग मी माझी गरी स्वतःच केली. काठीचं माप आपलं आपल्याला घेता येत नाही, कारण वर केलेल्या हाताच्या टोकाशी खूण करायला दुसरा हात न्यावा तर काठी धरायला कुणी उरत नाही. करून पाहा. मी कोळसा बोटांत धरला, घराच्या मागच्या भिंतीला पाठ लावली आणि हात वर करून रेघ ओढली. तिच्यावर माझी वीत ठेवली, छोटीशी. तेवढी सुतळी मापून घेतली. आकड्यासाठी आईच्या डब्यातली मोठी सुई चुलीत लाल केली आणि सांडशीनं वाकवली. बोट भाजलं, तेही लपवलं. काठी मात्र मी पुनवेच्या आसपास तोडली, आणि हे अजाणतेपणी केलं नाही. ज्या घरात पंचांग नाही तिथे अवस-पुनव कशाला पाळायची, असं माझं सरळ गणित होतं. बाबा अंधारा पंधरवडा पाळतात ती त्यांच्यात उरलेली जुनी खोड असणार, असं ठरवून मी ती मोडली. त्या वयात मी बाबांपेक्षाही कट्टर होते.

उन्हाळ्याच्या तोंडाला नदी आटून डोह तेवढे उरले तेव्हा मी ती काठी बाहेर काढली. तिच्यातून पिवळी भुकटी गळत होती. भुंग्यानं आपलं काम केलं होतं. मी भुकटी फुंकून टाकली आणि तशीच निघाले. बाबा आणि दोघे भाऊ पुलाच्या बाजूला बसले होते. मी त्यांच्यासमोरून गेले, थोडं वर जाऊन दगडावर बसले आणि पाण्यात गरी टाकली. मोठा भाऊ म्हणाला, "बाबा, पाहा ना हिचं." बाबांनी आपल्या तरंग्यावरची नजर हलवली नाही. काठावर धुणं धुणाऱ्या बायका मात्र थांबून पाहू लागल्या.

तासाभरानं तरंगा गप्पकन आत गेला. मी काठी उचलली आणि ती मधोमध कडकन मोडली. पुढचा तुकडा डोहात ओढला जाऊ लागला. मी अंगावरच्या फ्रॉकसकट पाण्यात उडी टाकली, तो तुकडा पकडला, दोरा हाताला गुंडाळला आणि काठावर ओढलं. मरळ होती. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. तोपर्यंत दोघा भावांपैकी कुणीच एवढी धरली नव्हती. ती चिखलात उड्या मारत होती आणि मी तिच्यावर पालथी पडले होते.

बाबा आले. त्यांनी मरळ पाहिली नाही, मोडलेली काठी उचलली, तुटलेल्या जागी नख लावून भुकटी काढली.

"पुनवेले तोडली ना?"

"हो. आपल्या घरी पंचांग कुठी हाये?"

"अवस पंचांगात नाई राहत. बांबूत राहते," ते म्हणाले. "चाल घरी. लोक पाहून राह्यले."

हे 'लोक' ऐकलं आणि माझं टाळकं फिरलं. मी चिखलात उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "तुमी देव टाकले ना याच नदीत? तवा लोक नोयते पाहत? देव टाकलेले चालते, मंग माही गरी काऊन नाई चालत?"

बाबांनी मला मारलं. एकच थप्पड. त्यांनी मला आयुष्यात मारलेली ती एकुलती एक, आणि मला तेव्हाच समजलं होतं की उत्तर नसलं की माणूस असं करतो.

संध्याकाळी आईनं ती मरळ रांधली. मी ताटावर बसले आणि जाहीर केलं की आजपासून माझा संप आहे. गांडुळं खणणार नाही, मासे साफ करणार नाही आणि या घरात मासोळी खाणार नाही. भाऊ हसले. बाबा हसले नाहीत, कारण संप म्हणजे काय ते त्यांना माहीत होतं.

"कवापर्यंत?" त्यांनी विचारलं.

"मागनी मान्य होईपर्यंत. तुमीच म्हन्ता ना, मागं हटायचं नाई?"

माझ्याच मरळीचा रस्सा माझ्यासमोर चौघांनी खाल्ला. वास नाकात जात होता आणि तोंडाला इतकं पाणी सुटलं होतं की मला ते गिळावं लागत होतं. मी चटणी आणि भाकर खाल्ली. पुढच्या सुट्टीला बाबांनी स्वतः नालीजवळ बसून गांडुळं खणली. संपात मालक असंच करतो, थोडे दिवस स्वतःच मशीन चालवून पाहतो. मला वाटलं, महिना-दोन महिन्यांत ते वाकतील. त्यांना वाटलं, आठ दिवसांत मी. दोघांचाही अंदाज चुकला. ते माझे बाप होते आणि मी त्यांची लेक. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, असे दोन सुंभ एका घरात.

तो संप अठरा वर्षं चालला.

माझ्यावर विश्वास ठेवा, मला मासे फार आवडतात. कॉलेजात असताना मैत्रिणीच्या घरी खाल्ले, लग्नानंतर नवऱ्याच्या घरी वाट्याच्या वाट्या रिचवले. पण बाबांच्या घरात नाही. माहेरपणाला गेले की आई कपाळाला हात लावायची आणि माझ्यासाठी वेगळं भरीत करायची. बाळंतपणाला गेले तेव्हा ती रडकुंडीला आली, "ओल्या बाळंतिणीनं मरळीचा रस्सा प्यावा, दूध येते," म्हणाली. मी म्हटलं, मेथी दे. आईला तो संप माझा पोरकटपणा वाटायचा. बाबा एका शब्दानंही विषय काढत नसत. फक्त मासे असले की ते माझ्या ताटाकडे एकदा बघायचे आणि मान खाली घालून जेवायचे.

मी मास्तरीण झाले. रोहण्याच्या बाजूला एका खेड्यात शाळा मिळाली. माझ्या मुलीला सातवं लागलं त्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीआधी, मी तिला घेऊन वर्ध्याला गेले आणि जाळी-दोऱ्यांच्या दुकानात उभी राहिले. दुकानदारानं विचारलं, "मुलगा केवढा आहे?"

"मुलगी आहे. ही."

"मग हौसेपुरतं पाहिजे," असं म्हणून त्यानं झिंगेसुद्धा अडकणार नाहीत असे केसासारखे बारीक आकडे पुढे केले. मी पोरीची करंगळी काउंटरवर ठेवली आणि एकामागून एक पुड्या उघडायला लावल्या. चौथ्या पुडीत नखाला नख जुळलं. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, तोंडात धरून ओढून पाहिला. शिशाचे मणी तळहातावर तोलले. दुकानदार गार पडला. शेवटी म्हणाला, "बाई, तुम्ही भोई का?" मी म्हटलं, "नाही, मास्तरीण." काठी मी घेतली नाही. पिशवीत माझा स्वतःचा विळा होता. बेटापाशी जाईन, मुलीला उभं करीन आणि मीच तिचं माप घेईन. कुणी आडवं आलं तर यावेळी मी दहा वर्षांची नाही.

पुलगावला पोचले तेव्हा अवस दोन दिवसांवर होती. बाबा मिलमधून निवृत्त झाले होते. पाठीला पोक आलं होतं. मोठ्या भावाच्या मुलालाही त्याच वर्षी सातवं लागलं होतं आणि सकाळी ते त्याला घेऊन बेटाकडे निघाले. मी मुलीला घेऊन मागे गेले, विळा पिशवीत. सगळी वाट मी भांडणाची वाक्यं जुळवत होते. अठरा वर्षांत ती चांगली धारदार झाली होती.

बाबांनी नातवाचं माप घेतलं, वीत ठेवली, काठी तोडली. मग माझ्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "चाल व माय, चप्पल काढ. उभी राय."

बस. एवढंच. ती उभी राहिली, हात वर केला, बाबांनी काठी लावली, वीत ठेवली, विळा मारला. दोन मिनिटं लागली नाहीत. जणू पोरींच्या काठ्या ते आयुष्यभर मापत आले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. मला असा संताप आला की कानशिलं गरम झाली. ज्या गोष्टीला दोन मिनिटं लागतात तिच्यासाठी मी थप्पड खाल्ली, अठरा वर्षं या माणसाच्या घरात मासा तोंडाला लावला नाही, आणि हा माणूस काही झालंच नाही अशा थाटात विळा पुसतो आहे! मी चपला काढल्या आणि बेटापाशी जाऊन उभी राहिले. टाचा टेकल्या. उजवा हात वर केला.

"आता माही," मी म्हटलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ते हसतील असं मला वाटलं होतं, पण हसले नाहीत. त्यांनी बेटातून एक लांब काठी निवडली, वाकवून पाहिली, ठेवली, दुसरी निवडली. ती माझ्या अंगाला लावली. घरात मी सगळ्यांत उंच. त्यांचा हात माझ्या मनगटाशी येऊन थांबला.

"हात जरा खाली घे."

"नाई."

"मंग मापू कसा?"

"गोटा घ्या पायाखाली."

नातू खिदळायला लागला. बाबा त्याच्यावर ओरडले, स्वतःच धुऱ्यावरचा एक दगड लोटत आणला आणि त्यावर चढले. दगड डुगडुगत होता. मला भीती वाटली की म्हातारा पडतो की काय. तरी मी उजवा हात खाली घेतला नाही. डाव्या हातानं मात्र त्यांचा खांदा धरला. त्यांनी माझ्या बोटाच्या टोकाशी नखानं खूण केली आणि विळा उचलला.

"वीत राह्यली," मी म्हटलं.

"तुले कायले आता वाढीची वीत? वाढून झाली तू."

"बाबा, वीत टाका."

"लय हट्टी हायेस."

"तुमच्यावर गेली."

मग त्यांनी माझ्या बोटाच्या वर आपला पंजा पसरला, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, पूर्ण. नीट बसावा म्हणून दोनदा ठेवला. विळा मारताना माझ्याकडे न पाहता म्हणाले, "थ्या दिवशीची तुही मरळ मोठी होती. दोन्ही पोट्ट्यायच्यापेक्षा."

मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. मी काठी घेतली आणि तिची पानं सोलत बसले.

त्या दुपारी मी आईच्या हातचा रस्सा तीन वाट्या प्याले. आईनं चौथी न विचारता वाढली. बाबांनी माझ्या ताटाकडे एकदा पाहिलं आणि या खेपेला मान खाली घातली नाही.

परत जाताना ती काठी एसटीत मावेना. खालच्या खिडकीतून आत घ्यावी तर वरच्या दांडीला अडे, आडवी धरावी तर लोकांच्या डोक्याला लागे. मुलीची आपली आटोपशीर होती, तिच्या मांडीवर बसली. कंडक्टर वैतागला. "बाई, एवढा बांबू कायले नेता? थोडा तोडून टाका ना वरून, वीतभर."

"नाई तोडायचा," मी म्हटलं. "मापाचा हाये."

रोहण्यापर्यंत तो बांबू टोकाकडून खिडकीबाहेर धरून मी उभ्यानं गेले.